करीममामू, तुम्ही श्वास नीट घेतला होता

अन्याय झाला तो करीममामूंवर. विहिरीत पडलेल्या पाण्याच्या मोटारी काढणारे, दिंद्रुडच्या स्टँडामागं दुकान असलेले करीममामू. आणि तो झाला मागच्या वर्षी पोळ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी, तालुक्याच्या एका दवाखान्यात, गर्दी व्हायच्या आत. गर्दी नव्हती हे मुद्दाम लिहितोय. डॉक्टरांना वेळ नव्हता असं नंतर कोणी म्हणायला नको.

मामू, आता तुमच्याशीच बोलतो. तुम्ही गेलात त्याचा चाळिसावा दिवस अजून व्हायचाय. मामी म्हणाल्या, "लिहायचं ते लिही, पर वरडू नको." मी तर मोर्च्यांची पत्रकं लिहून लिहून लिहायला शिकलो. पत्रक ओरडलं नाही तर माणूस त्यात भजी बांधून घेतो. तेव्हा थोडं ओरडणं चालवून घ्या. तुमचा जन्म, तुमची भावंडं, तुमचा स्वभाव असलं काही मी लिहिणार नाही. स्वभाव तर गावाला पाठ आहे, अर्ध्या गावानं तुमच्या शिव्या खाल्ल्यात.

उन्हाळा संपता संपता तुम्हाला ताप आला आणि गेला. मग दोन्ही खांदे दुखायला लागले. भरलेली मोटार एका हातानं उचलून ठेवणारा माणूस दुकानाच्या शटरला डोकं टेकवून उभा राहायचा. सगळे म्हणाले, दोर ओढून ओढून खांदे गेले. तुम्हीही तेच म्हणालात. दुखणं थांबलं, पण जाताना धाप ठेवून गेलं. चालताना काही नाही, बसून मोटारीचं वाइंडिंग भरताना काही नाही. आडवं झालं की जीव गुदमरायचा. तुम्ही दुकानातली खुर्ची घरी नेली आणि तिच्यातच झोपायला लागलात. मामींना वाटलं, काहीतरी बिनसलं.

"काय केलं मी, सांगा तरी," त्या म्हणाल्या.

"तू काय न्हाई केलं. पलंगानं केलंय."

सकाळी डोकं जड, दिवसभर पेंग. हातात तांब्याची तार धरून तुमचा डोळा लागायचा. त्याच दिवसांत एका विहिरीत मोटार पडली. तुम्ही पायऱ्या उतरून पाण्यात शिरलात. कमरेपर्यंत ठीक. पाणी छातीला लागलं आणि तुम्ही माघारी फिरलात. मला पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधून याच पाण्यात ढकलणारे तुम्ही, पायरीला धरून तोंडानं श्वास ओढत होतात.

शेतमालक वरून म्हणाला, "मामू, पाण्याला भ्यायला लागले का काय?"

"पाण्याला न्हाई. पाणी पोटाला दाबायलंय."

सगळे हसले. पाणी पोटाला कशामुळं दाबतंय, हे कोणीच विचारलं नाही. कारण तुम्ही स्वतःच आमच्या आधी हसलात.

आता तो सोमवार. मी तुमच्यासोबत होतो, म्हणून ऐकीव काही सांगत नाही. आपल्याकडं दवाखान्यात माणूस स्टुलावर तपासतात. खाट असते, पण ती सलाईनची. बाटली लटकवलेली, खाली कोणीतरी पडलेलं. आपली माणसंही तशीच. सलाईन लावलं नाही तर डॉक्टरनं काही केलंच नाही म्हणतात, घरून उशी घेऊन येतात. त्यामुळं खाट रिकामी नसते, आणि ज्याला तपासायचं तो कधी आडवा होत नाही. हा कुठला नियम नाही. आपण सगळ्यांनी मिळून लावून घेतलेली सवय आहे.

डॉक्टरांनी शर्टावरूनच छाती ऐकली. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, आकडा बरा आला.

"धाप कधी लागते?"

"आडवं पडलं की."

"जिना चढताना?"

"जिना हाय कुटं साहेब? घर बी खाली, दुकान बी खाली."

डॉक्टर हसले. चांगले हसले, मनमोकळे. मला अजून आठवतं, कारण मलाही धीर आला होता. म्हणाले, हृदयाची पट्टी, ईसीजी, काढू.

पट्टीसाठी सलाईनवाल्या एका पोराला उठवलं आणि तुम्हाला त्याच्या जागी आडवं केलं. मामू, सगळा पुरावा तिथं होता. उघड्या अंगावर, ट्यूबलाइटखाली. तुम्ही धापा टाकायला लागलात. पट्टी काढणारा वैतागला.

"चाचा, हलू नका. पट्टी खराब यायलीय."

"मी न्हाई हलायलो. पोट हलायलंय."

"मग पोट धरून ठेवा!"

शेवटी त्यानं पाठीमागं दोन उश्या लावून तुम्हाला अर्धवट बसतं केलं. धाप गेली, पट्टी स्वच्छ आली. "बघा, जमलं की," तो म्हणाला. सगळे पट्टी बघत बसले. पट्टी चांगली म्हणून हृदय चांगलं, हृदय चांगलं म्हणून माणूस चांगला.

मग शेजारच्या सेंटरात छातीचा फोटो, एक्स-रे. तुम्हाला उभं करून काढला. डॉक्टरांनी तो उजेडापुढं धरला आणि मान हलवली. फुप्फुसं खालून दबल्यासारखी, आखूड दिसत होती. रिपोर्टात लिहिलं होतं, पेशंटनं श्वास पूर्ण घेतलेला नाही.

"फोटोच्या वेळी श्वास नीट भरून घ्यायचा असतो, चाचा."

"घेतलता साहेब."

"नाही घेतला. इथं दिसतंय ना."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. शाळेत गृहपाठ केलेला असून मार खाल्लेल्या पोरासारखं. मला राग येतो तो इथं. माणूस श्वासाची तक्रार घेऊन येतो आणि हे लोक त्यालाच लिहून देतात, की तू श्वास घ्यायला चुकलास!

निकाल लागला, टेन्शन आहे. झोप झाली की सगळं बरं वाटेल. झोपेच्या गोळ्या दिल्या. ज्याचा झोपेतलाच श्वास धोक्यात होता, त्याला झोपेची गोळी. तिसऱ्या दिवशी सकाळी मामी चहा घेऊन आल्या तर तुम्ही खुर्चीत नव्हतात. गोळीच्या गुंगीत पलंगावर आडवे झाला होतात. हलवलं तरी उठेनात. ओठ जांभळे.

अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात तुमच्या घशात नळी गेली. नळी निघाल्यावर ज्या डॉक्टर मॅडम तुम्हाला बघायच्या त्या माझ्याच वयाच्या असतील. मी त्यांच्यासाठी दोन-चार कडक प्रश्न तयार ठेवले होते. त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

"चाचा, घरी झोपता कसे?"

"खुर्चीत."

"वाकून बुटाची नाडी बांधता येते?"

"धाप लागती."

"पाण्यात उतरता का कधी? नदी, तलाव?"

तुमचा आवाज नळीनं घोगरा झालेला. तरी तुम्ही हसलात. "उतरता का? बाई, माजा धंदाच त्यो हाय." आणि त्या विहिरीचं सगळं सांगितलंत. त्या मध्येच म्हणाल्या, "थांबा. पाणी छातीपर्यंत आल्यावरच ना?" तुम्ही हौ म्हणालात. पहिल्यांदाच कोणीतरी त्या गोष्टीवर हसलं नव्हतं.

मग त्यांनी तुमच्या पाठीमागच्या उश्या एकेक करून काढल्या. हळू, एका हातानं तुमचा खांदा धरून, "त्रास झाला की लगेच सांगा" म्हणत. शर्ट वर केला आणि खाटेच्या बाजूला वाकून डोळे तुमच्या पोटाच्या पातळीला आणले.

"घ्या श्वास."

छाती वर आली. पोट आत गेलं.

"अजून एकदा." छाती वर, पोट आत. त्यांनी मला बोलावलं. "तुम्ही स्वतःच्या पोटावर हात ठेवा. श्वास घ्या. काय झालं?"

"वर आलं."

"यांचं?"

मी तुमच्या पोटाकडं बघत राहिलो. तुम्ही म्हणालात, "काय बघायलास बे एवढं? टीव्ही लावलाय का?"

मॅडमनी समजावलं ते मी तिथल्या तिथं पाठ केलं, आणि तेव्हापासून गावोगाव सांगतोय. छाती आणि पोटाच्या मध्ये स्नायूचा एक पडदा असतो, श्वासपटल. आपण श्वास घेतो तेव्हा तो खाली सरकतो, फुप्फुसाला जागा करून देतो, म्हणून पोट वर येतं. पडदा लुळा पडला की श्वास घेताना तोच वर ओढला जातो आणि पोट आत जातं. उभं असताना पोटातला भार खाली राहतो, माणूस निभावून नेतो. आडवं झालं की तोच भार पडद्यावर चढतो. छातीभर पाण्यात पाणी बाहेरून पोट दाबतं. म्हणजे विहिरीत तुम्ही बोललात ते अक्षर न अक्षर दुखण्याचं वर्णन होतं.

पुढच्या तपासण्या झाल्या. नळीत फुंकायला लावलं, आधी बसवून, मग आडवं करून. आडवं केल्यावर फुंकर फारच कमी भरली. बरगडीच्या कडेला सोनोग्राफी केली. श्वास घेताना पडदा जाड व्हायला हवा, खाली सरकायला हवा. तुमचा दोन्ही बाजूंनी जेमतेम थरथरत होता. तापानंतर खांद्याच्या नसा सुजल्या, त्यात मानेतून पडद्याकडं जाणाऱ्या नसाही गेल्या, असं त्या म्हणाल्या. काहींच्या नसा दीड-दोन वर्षांत परत येतात, काहींच्या येत नाहीत. तोवर झोपताना नाकावर मशीन, हवा आत ढकलणारं.

आणि तो फोटो. मी पिशवीतून काढून पुढं केला. त्यांनी बघितला, रिपोर्ट वाचला.

"यांनी श्वास नीट घेतलाय," त्या म्हणाल्या. "यांना एवढाच येतो. दोन्ही पडदे वर चढलेत, म्हणून फोटो असा दिसतो."

तुम्ही खाटेवरून माझ्याकडं बोट केलंत. "लिही," म्हणालात. "हे लिही."

मामू, घ्या. लिहिलं.

त्याच दुपारी वॉर्डात तुम्हाला मशीन लावलं. तुम्ही त्यातल्या पंख्याचा आवाज ऐकत म्हणालात, "बेरिंग चांगलं हाय." आणि आडवे झोपलात. सरळ, पाय ताणून, कित्येक महिन्यांनी. तोंड उघडं, घोरणं सुरू. मामी आधी रडल्या, मग मला म्हणाल्या, "यांचं घोरणं ऐकून मला एवढी खुशी व्हईल असं वाटलं नवतं रे."

तुमच्यामुळं मला कळलं की नुसतं नेमकं निदान झालं तरी माणूस अर्धा उभा राहतो. नसा परत आल्या नव्हत्या, पडदा तसाच लुळा होता, पण तुम्ही पुन्हा शिव्या द्यायला लागलात. दुकान उघडलंत. लाइट गेली तर मशीन बंद पडू नये म्हणून ट्रॅक्टरची जुनी बॅटरी आणि इन्व्हर्टर जोडलंत. विहिरीत उतरायला मॅडमनी मनाई केली, तर मला दोर बांधून खाली सोडलंत. मी खालून विचारलं, मोटार कुठल्या बाजूला बघू, अंधार आहे, दोर नीट धरलाय ना. वरून तुमचा आवाज आला, "बे, तुला भाषणाला न्हाई उतरवला. गळ लाव आन् गप वर ये!" तुम्ही कठड्यावर बसून कप्पीचा दोर हातात धरला होता आणि हसून हसून तुम्हाला धाप लागली होती. ती धाप मला आवडली.

आपलं भांडण झालं ते पत्रकावरून. मी पत्रक लिहिलं. वर डॉक्टरांचं नाव, मोठ्या टायपात, खाली "जाब द्या". तुम्ही वाचलंत आणि तेच पान्हा पुसायला घेतलंत.

"मामू, अहो पत्रक आहे ते!"

"कागद चांगला हाय. तेल लई चांगलं शोषतो."

मी चिडलो. म्हणालो, तुम्हाला मारलं होतं जवळजवळ त्या माणसानं. तुम्ही म्हणालात, "मारलं न्हाई. बगितलं न्हाई. त्याचं नाव छापलं तर त्यो दार लावून बसंल. मला दार उघडं पायजे. उद्या दुसरा कोन तरी त्याच स्टुलावर बसनार हाय."

"म्हणजे माफ?"

"माफ कोन म्हणलं? चल, दाखवू त्याला."

आणि तुम्ही गेलात. दवाखाना भरलेला. तुम्ही नंबर लावलात, स्टुलावर बसलात आणि डॉक्टरांना म्हणालात, "साहेब, त्या पोराची बाटली पाच मिनिटं सरकवा. तुमाला एक चीज दाखवायचीय." खाटेवर आडवे झालात. स्वतःच शर्ट वर केला. अख्खा दवाखाना बघत होता. श्वास घेतलात. छाती वर, पोट आत.

डॉक्टर खाटेशी आले. पोटावर हात ठेवला. "परत," म्हणाले. तुम्ही परत घेतलात. "परत." मग तुम्हाला धाप लागली तेव्हा त्यांनीच पाठीला हात देऊन तुम्हाला बसवलं. हात तसाच पाठीवर ठेवून थोडा वेळ उभे राहिले. नंतर कंपाउंडरला म्हणाले, "ही खाट आजपासून रिकामी ठेवायची. सलाईन पलीकडच्या खोलीत."

सॉरी म्हणाले नाहीत, मामू. मी मोजून ऐकत होतो. तुम्ही बाहेर येऊन म्हणालात, "खाट रिकामी केली की. अजून काय पायजे?" मी म्हणालो, माफी पाहिजे, तोंडानं. आपण स्टँडापर्यंत भांडत आलो. ते भांडण तिथंच राहिलंय. आजही माझं मत बदललेलं नाही. माणसाच्या श्वासावर खोटं लिहिलं तर ते तोंडानं खोडलं पाहिजे. तुम्ही असता तर म्हणाला असता, "परत सुरू झाला पत्रकवाला."

पण त्या खाटेनं काम केलं. यंदा दिवाळीच्या आधी डॉक्टरांचा तुम्हाला फोन आला. मी दुकानातच होतो. तुम्ही स्पीकर लावलात. "मामू, तुमच्यासारखं एक पोट सापडलं." पाटोद्याकडच्या एक बाई लेकीकडं राहायला आल्या होत्या. भिंतीला टेकून झोपायच्या. वर्षभर दम्याचा पंप ओढत होत्या, उपयोग शून्य. डॉक्टरांनी त्यांना आडवं केलं, पदर सरकवायच्या आधी लेकीला शेजारी उभं केलं, आणि बघितलं. गोळी नाही, इंजेक्शन नाही, सरळ अंबाजोगाईला चिठ्ठी. फोन ठेवल्यावर तुम्ही हातातलं काम बाजूला सारलंत. मग म्हणालात, "बगितलं न्हवं यानं?" मी म्हणालो, बघितलं. एवढंच म्हणालो. तुम्ही जिंकलात असं म्हणायला पाहिजे होतं, पण तुम्हाला माहीत आहे, मी तसा कच्चा नाही.

मग थंडी आली आणि तुम्हाला न्यूमोनिया झाला. लुळ्या पडद्यानं खोकला जोरात निघत नाही, कफ आतच राहतो. आम्ही तुम्हाला आधी त्याच डॉक्टरांकडं नेलं. या वेळी टेन्शनचं नाव निघालं नाही. त्यांनी तुम्हाला बसतंच ठेवलं, मशीन सुरू करायला लावलं आणि चिठ्ठीवर ठळक लिहिलं, श्वासपटल कमजोर, झोपेचं औषध देऊ नये. गाडीत तुमच्या शेजारी स्वतः बसले. अंबाजोगाईपर्यंत. मॅडमनी त्यांना जमेल ते सगळं केलं. जमलं नाही.

मी मॅडमना विचारलं, पहिल्याच सोमवारी कळलं असतं तर? त्या म्हणाल्या, "ते मला सांगता येणार नाही. मधलं वर्ष मिळालं, ते निदान झालं म्हणून. एवढं नक्की सांगते." मला मोठं उत्तर पाहिजे होतं. हेच घेऊन घरी आलो. आता वाटतं, हेही लहान नाही. त्या वर्षात तुम्ही आडवे झोपलात, मला विहिरीत सोडलंत, एक खाट रिकामी करून घेतलीत.

गाडीत जाताना मी तुमचा हात धरला होता. भीती वाटते का, हे मी विचारलं नाही. तुम्हीही सांगितलं नाहीत. मास्कच्या आतून एवढंच म्हणालात, "पत्रकात माझं नाव टाक. त्याचं नको." मी मान हलवली. म्हणून इथं त्यांचं नाव नाही. पटलं म्हणून नव्हे, तुम्ही सांगितलं म्हणून.

मामींनी मागच्या आठवड्यात मशीन पुसून, पेटीत घालून अंबाजोगाईला पाठवलं. पाटोद्याच्या बाईंना मशीन मिळेना म्हणून त्या थांबल्या होत्या. मॅडमनी तुमचं मशीन तपासून, नवा मास्क लावून, बाईंच्या मापानं बसवून दिलं. मामींनी एकच अट घातली, झोप कशी लागली ते फोन करून सांगायचं. काल फोन आला. लेक म्हणत होती, आई घोरायली.

आता तुम्ही, जे हे वाचताय. करीममामूंच्या वेळी खाट भरलेली होती. तुमच्या वेळी ती रिकामी होणार की नाही, हे तुम्ही मागता का त्यावर आहे. तुमच्या घरात, गल्लीत, कामावर असं कोणी बघा, जे आडवं झालं की गुदमरतं, बसून झोपतं, सकाळी डोकं धरतं, आणि ज्याला वय झालं, गॅस आहे, टेन्शन आहे असं सांगून परत पाठवलंय. ते हृदयाचं असेल, फुप्फुसाचं असेल, पडद्याचं असेल. ते ठरवणं डॉक्टरांचं काम आहे, आणि बघितल्याशिवाय ते ठरत नाही. त्या माणसाला याच आठवड्यात दवाखान्यात न्या. धाप लागते कधी, झोपतो कसा, पाण्यात उतरल्यावर काय होतं, हे विचारायची वाट बघू नका, आपणहून सांगा. झोपेची गोळी पुढं आली तर ती घेण्याआधी हे सगळं पुन्हा सांगा. आणि स्पष्ट शब्दांत मागा, साहेब, खाट रिकामी करा, हळूच आडवं करा, श्वास घेताना पोट वर येतं का आत जातं ते बघा. बघितल्याशिवाय स्टुलावरून उठू नका.